सागवानी फळीला पीयू: गुळगुळीतपणा येतो कुठून?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाशिकच्या वाड्यातला जुना सागवानी झोपाळा उतरवलाय, तो आता फ्लॅटमध्ये टांगायचा आहे. फळी एकसंध, पाच फूट लांब, पावणेदोन फूट रुंद. वरचं काळं पडलेलं पॉलिश सुताराने रंधा मारून काढलं, तर खालून असल्या सुरेख रेषा निघाल्या की त्यावर लॅमिनेट मारण्याचा सल्ला देणाऱ्या मेहुण्याशी बोलणंच सोडलंय.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, करायचं ठरवलंय. कंप्रेसर आणि स्प्रे गन नाही, जे काय ते ब्रशने. यूट्यूबवर अमेरिकन मंडळी एकाच डब्यातून कापडाने पीयू पुसत जातात आणि फळी अशी काही तुकतुकीत होते की बघत राहावं. इथे दुकानदाराने माझ्यापुढे तीन डबे ठेवले: बेस, हार्डनर आणि थिनर. फळीचा एक कापलेला तुकडा होता, त्यावर ते मिश्रण कापडानेच लावून बघितलं. कापड चिकटायला लागलं, त्याचे धागे निघाले, आणि वाळल्यावर हात फिरवला तर सगळं खरखरीत. मध्येमध्ये बारीक टोचल्यासारखी छिद्रंही आहेत.

चूक मालात आहे, कापडात की हातात?

---

चिकूमामा

चर्चेच्या धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आमच्याकडे शिसवी कपाट वाट बघतंय.

---

निळा_रंधा

गोदाकाठ, माल बरोबर आणि तुमचा हातही बरोबर. व्हिडिओ वेगळ्या मालाचा आहे.

ते लोक वापरतात ते तेलावर आधारलेलं पीयू. थोडक्यात वार्निशच, त्याच्या रेझिनमध्ये युरेथेन बसवलेलं. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन सावकाश वाळतं, म्हणून कापडाने निवांत पुसायला वेळ मिळतो. आपल्याकडे फर्निचरवाल्यांच्या दुकानात 'पीयू द्या' म्हटलं की समोर येतो तो दोन घटकांचा माल. वूडटेक घ्या, सिर्का घ्या, आयसीए पिडिलाइट घ्या, तत्त्व तेच. बेसमध्ये पॉलिऑल, हार्डनरमध्ये आयसोसायनेट. दोन्ही एकत्र झाले की रासायनिक क्रिया सुरू, आणि ती तुमच्यासाठी थांबत नाही. वर त्याचा थिनर झपाट्याने उडतो. हा माल मुळात गनने मारायचा. कापडाने पुसायला गेलं की अर्धवट धरलेल्या थरावरून कापड ओढल्यासारखं होतं, धागे निघणारच.

टोचल्यासारख्या छिद्रांचं कारण बहुधा पाणी. आयसोसायनेटला पॉलिऑल जितकं आवडतं तितकंच पाणीही आवडतं. लाकडात, कापडात, हवेत ओल असली की तो तिच्याशी क्रिया करतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. थर जाड असेल तर वायू बाहेर पडता पडता वरचा पापुद्रा धरतो आणि छिद्र राहून जातं. दुसरं कारण सागाचं. त्याची रंध्रं मोठी आणि उघडी असतात, त्यातली हवा पहिल्या हाताखालून वर येते. म्हणून पहिला हात नेहमी पातळ.

आता मूळ प्रश्न. गुळगुळीतपणा टॉप कोटने, म्हणजे सगळ्यात वरच्या हाताने, येत नाही. तो त्याच्या खाली, लाकडावर आणि सीलरवर (रंध्रं भरणाऱ्या खालच्या थरावर) तयार होतो. टॉप कोट फक्त खाली जे आहे ते दाखवतो, आणि ग्लॉसी असेल तर चारचौघांत दाखवतो.

लाकूड: रंध्याच्या खुणा १२० नंबरच्या सँडपेपरने, मग १८०, मग २२०. कायम रेषेच्या दिशेने, आणि पेपर हाताच्या बोटांवर न धरता सपाट ठोकळ्यावर गुंडाळून. बोटांनी घासलं की मऊ भाग जास्त खाल्ला जातो आणि फळीला लाटा येतात. प्रत्येक नंबर बदलताना फळीवर पेन्सिलीने हलक्या रेघोट्या मारा. रेघोट्या सगळीकडून गेल्या की तो नंबर झाला. खोलीतला दिवा बंद करून मोबाईलचा टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. वरच्या ट्यूबलाइटमध्ये न दिसणारे आडवे ओरखडे त्या उजेडात ओळीने उभे राहतात. २२० नंतर ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने फळी एकदा पुसा. तंतू उभे राहतील. पूर्ण वाळू द्या, आणि २२० चाच झिजलेला पेपर हलक्या हाताने फिरवून ते तंतू कापून टाका. या वाळण्यात घाई केलीत तर वर सांगितलेली छिद्रं परत येतील, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलेलं बरं.

सीलर: इथे खरं काम. पीयू सीलरचा पहिला हात पातळ. वाळला की ३२० ने घासा. बारीक पांढरी पावडर पडली पाहिजे. पेपरवर गोळ्या धरायला लागल्या तर सीलर अजून कच्चा आहे, थांबा. घासून पुसल्यावर फळी आडव्या उजेडात बघा: बाकी सगळं मंद दिसेल, पण रंध्रांच्या जागी बारीक चमकणारे ठिपके आणि रेघा राहतील. ते चमकतंय ते खड्ड्यात, पेपर तिथपर्यंत पोचलेलाच नाही. दुसरा हात, परत घासा. ठिपके कमी होतील. सागाला हे तीन वेळा तरी करावं लागतं. सगळी फळी एकसारखी मंद दिसली, एकही ठिपका चमकत नाही, की रंध्रं भरली. मगच टॉप कोट. आपले पॉलिशवाले एका हाताच्या सीलरवर टॉप मारतात आणि गिऱ्हाईक म्हणतं पीयू खराब होतं.

कडा मात्र सांभाळा. फळीच्या धारेवर सीलर आपोआप पातळ बसतो, पेपर जरा जास्त फिरला की लाकूड उघडं पडतं. सुताराला सांगून धार आधी किंचित गोल करून घ्या.

---

शिरपेच

निळा_रंधा, दंडवत. वाखुसा (वाचनखूण साठवली).

एक भर: झोपाळ्याची फळी आहे म्हणजे वर्षानुवर्षांचं खोबरेल त्यात मुरलेलं असणार. दुपारी डोकं टेकून झोपणारी मंडळी प्रत्येक घरात होती. पीयूच्या थरात एकदम गोल, काठ उचललेला खड्डा पडतो आणि कितीही मारलं तरी पीयू तिथून बाजूला पळतो, ते तेलामुळे किंवा सिलिकॉनमुळे. रंध्याने बरंच गेलं असेल, तरी सीलरच्या आधी स्वच्छ फडकं पीयू थिनरमध्ये भिजवून दोन-तीनदा पुसा, प्रत्येक वेळी फडकं बदलून. आणि त्या खोलीत डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे बिलकूल मारू नका.

---

बर्फातला_आंबा

मी मिनेसोटात असतो, आणि तो व्हिडिओवाला माल माझ्या गॅरेजमध्ये आहे, म्हणून त्याची बाजू मांडतो.

मिनवॅक्स, व्हॅराथेन वगैरे तेलाच्या पीयूचे डबे इथे कुठल्याही हार्डवेअर दुकानात मिळतात. पुसायचं पीयू म्हणून जे विकतात ते बहुतेक तेच, फक्त मिनरल स्पिरिट (पेट्रोलियमपासूनचा थिनर) घालून पातळ केलेलं. घरीच निम्मं-निम्मं केलं तरी चालतं. कापडाने लावलं की थर इतका पातळ बसतो की ओघळ येत नाहीत, ब्रशाचे मारे दिसत नाहीत, आणि धूळ बसायच्या आत वरचा भाग सुकतो. पण ब्रशाच्या एका हाताएवढी जाडी यायला पुसण्याचे दोन-तीन हात लागतात. व्हिडिओत ते कापून टाकतात, म्हणून दहा मिनिटांत झाल्यासारखं वाटतं.

तीन गोष्टी व्हिडिओत घाईघाईत सांगतात. एक, डबा हलवायचा नाही, काठीने तळापासून ढवळायचा. हलवला की बुडबुडे, आणि ते फळीवर येतात. दोन, साग आणि शिसवीसारख्या तेलकट लाकडावर हा माल वाळायला कुरकुर करतो, कारण लाकडातली द्रव्यं त्याची ऑक्सिजनशी चाललेली क्रिया अडवतात. शिसवीवर तर कधीकधी दिवसच्या दिवस चिकट राहतो. चिकूमामा, हे तुमच्यासाठी. तीन, आणि हे गमतीचं नाही: तेलाच्या पीयूने भिजलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं तर आपोआप पेट घेऊ शकतं. वाळताना उष्णता निघते आणि बोळ्यात ती अडकते. फडकी सुटी पसरून उघड्यावर वाळवायची, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकायची.

---

तिरफळ

नाशिककर नशीबवान. इथे रत्नागिरीत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता नव्वदीच्या घरात असते, तेव्हा आमचा पॉलिशवाला सरळ सांगतो, 'गणपती होऊ द्या, मग बघू.' गणपतीच्या आधी मखर आणि पाट चमकवून हवे असतात म्हणून सगळं गाव त्याच्या मागे लागतं, तो हलत नाही. त्याचं बरोबर आहे. पाऊस पडत असताना पीयू मारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं आणि फिनिशवर दुधाळ झाक येते. मेलामाइन आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर या दुसऱ्या पॉलिशांना तर हा त्रास आणखी जास्त.

मारायचंच झालं तर बंद खोलीत आदल्या रात्रीपासून एसी चालू, फळीही त्याच खोलीत. मारताना एसीचा झोत फळीवर नको. पंखा तर नकोच, धूळ उडते आणि वरचा पापुद्रा आधी धरतो. फक्त बंद खोलीत वासाचं काय करायचं ते जाणकारांनी सांगावं, कारण वाऱ्याची वाट बंद करून त्या खोलीत माणूस कसा उभा राहायचा हे मला कोडं आहे.

---

खवट_शेंगदाणा

सगळं वाचलं. पण मुळात अशा सागावर प्लास्टिकचा कागद चढवायचा कशाला? चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, मलमलीत कापूस गुंडाळून बोळा करायचा आणि मारत बसायचं. शंभर वर्षांपूर्वीची कपाटं अजून झळकतायत. ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी बोळा फिरवला की नव्या-जुन्याची सीमा दिसत नाही, कारण नवीन लाख जुन्या लाखेला विरघळवून तिच्यात मिसळते. तुमचा पीयू एकदा फाटला की अख्खी फळी घासा.

---

निळा_रंधा

@खवट_शेंगदाणा, दुरुस्तीचं शंभर टक्के मान्य. पीयूचे रेणू एकमेकांना जाळीसारखे बांधले जातात, वरचा थर खालच्याला विरघळवू शकत नाही. नवीन हात जुन्यावर टिकतो तो मुख्यतः घासून पाडलेल्या बारीक ओरखड्यांच्या आधारावर, म्हणूनच दोन हातांच्या मध्ये ३२० किंवा ४०० चा पेपर चुकवायचा नाही. माझ्या मते भिंतीतलं कपाट, काचेच्या आतली मांडणी, वाद्यं यांना लाखच. पण झोपाळा? त्यावर घामेजलेले लोक बसणार, पोरं ओल्या चड्डीने चढणार, चहाचा कप टेकवणार. पाण्याने आणि उष्णतेने लाखेवर पांढरा डाग पडतो, आणि स्पिरिटवाला सॅनिटायझर सांडला तर लाख विरघळतेच. रोज वापरायच्या आडव्या फळीला पीयू हेच उत्तर.

खाली जुनी लाख शिल्लक असेल आणि वर पीयू मारायचा असेल तर सावध. साध्या चपड्यात नैसर्गिक मेण असतं, त्यावर पीयू नीट धरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात. गोदाकाठ, तुमचं जुनं पॉलिश लाखेचंच असणार. कड्यांच्या भोकांजवळ आणि खालच्या बाजूला राहिलंय का बघा. स्पिरिटचा बोळा दाबून धरा. चिकट, तपकिरी झालं तर लाख.

---

आजीचा_पाट

पोळपाटाला पीयू मारला तर चालेल का? सासूबाई विचारतायत.

---

शिरपेच

नको हो. घासून, धुऊन, रोज लाटणं फिरणाऱ्या वस्तूवर कुठलाही थर टिकत नाही, तुकडे पोळीत जातील. पोळपाट कोराच बरा. देवघराला मात्र मारा, तेलाचे आणि कुंकवाचे डाग पुसता येतात. समईची ज्योत लाकडाच्या जवळ येणार नाही एवढं बघा.

---

गोदाकाठ

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. तपासलं: कड्यांच्या भोकांभोवती बोट चिकटलं, म्हणजे लाखच. सुताराला परत बोलावलंय.

दोन शंका. दुकानदार म्हणाला थिनर संपला तर साधा लॅकरचा थिनर चालतो, तो निम्म्या किमतीत मिळतो. चालतो का? आणि हार्डनरच्या डब्यावर आयसोसायनेट लिहिलंय ते वाचून बायको म्हणते भोपाळचा गॅस घरात आणलास. काय सांगू?

---

मोजपट्टी

रंगांच्या प्रयोगशाळेत नोकरी केली आहे, म्हणून या दोन्हीला उत्तर देतो.

थिनर: नाही चालत. साध्या एनसी थिनरमध्ये अल्कोहोल असू शकतं, ओलही असते. आयसोसायनेट दोघांशीही क्रिया करतो. म्हणजे जो हार्डनर पॉलिऑलला बांधायला घातला तो थिनरमध्येच खर्ची पडला. वाळल्यासारखं दिसतं, पण थर कायमचा मऊ राहतो आणि नखाने ओरखडतो. मिस्त्रीने पैसे वाचवलेले बहुतेक ठिकाणी असेच उघडे पडतात. त्याच कंपनीचा पीयू थिनर घ्या, आणि ब्रशने मारणार असाल तर त्यातला हळू उडणारा प्रकार मागा. ब्रशाचे मारे बसायला त्याने वेळ मिळतो. बेस आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर दिलं असेल तेच, आणि वजनी आहे की मापी ते नीट वाचा. 'थोडा जास्त हार्डनर घातला की लवकर वाळतं' हा समज चुकीचा आहे, थर ठिसूळ होतो. कालवलेला माल डब्यावर दिलेल्या वेळात संपवा, तेव्हा लागेल तेवढाच कालवा.

भोपाळ: १९८४ मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटला तो मिथाइल आयसोसायनेट. कीटकनाशक बनवायला लागणारं द्रव्य, ३९ अंश सेल्सिअसलाच उकळतं. लाकडाच्या हार्डनरमधले आयसोसायनेट वेगळे, मोठ्या रेणूंचे, खोलीच्या तापमानाला फारसे उडत नाहीत. कुळ एक, धोका वेगळा. पण वहिनींना 'काही होत नाही' असं सांगू नका, कारण होतं. गनने मारलं की त्याचे तुषार फुप्फुसात जातात आणि काही माणसांना त्याने दमा जडतो. एकदा शरीराने धरलं की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही त्रास होतो, आणि तो माणूस त्या धंद्यातून उठतो. आपले पॉलिशवाले तोंडाला रुमाल बांधून दिवसभर गन चालवतात, हे बघवत नाही. रुमाल आणि कापडी मास्क वाफेपुढे निरुपयोगी. गनच्या कामाला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. ब्रशने मारताना तुषार नसतात, तरी सेंद्रिय वाफा शोषणारी कार्ट्रिज लावलेला रबरी मास्क, नायट्राइलचे हातमोजे आणि उघड्या खिडक्या हव्यातच. तिरफळ, म्हणूनच बंद एसी खोलीचा उपाय मी देणार नाही. कोरड्या दिवसाची वाट बघणं स्वस्त पडतं.

दम्याचा त्रास घरात कुणाला असेल तर पाण्यावरचा एका डब्यातला पीयू घ्या. तो आता मिळतो, वास कमी, पिवळा पडत नाही. सागावर जरा फिकट दिसतो आणि लाकडाचे तंतू पुन्हा उभे करतो, पण ते एकदा घासून जातं.

अवांतर: पॉलियुरेथेनचं रसायन १९३७ मध्ये ओटो बायर यांनी जर्मनीत लेव्हरकुझेनला शोधलं. बायर कंपनीचे संस्थापक ते नव्हेत, आडनाव तेवढं एक.

---

चिकूमामा

ग्लॉसी की मॅट? बायको ग्लॉसी म्हणते.

---

निळा_रंधा

शिसवीला ग्लॉसी शोभतो, पण त्यात पोटातलं सगळं दिसतं. मॅटमध्ये चमक घालवणारी बारीक पूड असते, ती तळाला बसते. अर्धा डबा वापरून झाल्यावर आठवण झाली तर अर्धं कपाट चमकेल, अर्धं नाही. मारतानाही मध्येमध्ये ढवळत राहा. मॅटचेच तीन-चार हात चढवले तर रेषा धूसर दिसायला लागतात, त्यापेक्षा आधीचे हात ग्लॉसीचे आणि शेवटचा एक मॅटचा.

---

गोदाकाठ

कळवतो. सीलरचे तीन हात झाले, ठिपके गेले. तिसऱ्या हातानंतर घासलेली फळी आडव्या उजेडात बघितली, मंद राखाडी, एकसारखी. टॉप कोटचे दोन हात ब्रशने. ब्रश डब्याच्या काठावर निपटायचा नाही, आतल्या बाजूला नुसता टेकवायचा, एवढ्याने बुडबुडे बंद झाले. फळीच्या टोकाकडून मध्याकडे न येता थोडं आतून सुरू करून टोकाबाहेर ब्रश सोडला, तर धारेवरचा ओघळही गेला.

आता आठवडा झालाय. ओघळ नाहीत, पण तळवा फिरवला की धुळीचे बारीक दाणे लागतात. दिसत नाहीत, फक्त लागतात. परत घासून तिसरा हात मारू का?

---

बर्फातला_आंबा

अजिबात नको. खाकी कागदाची पिशवी घ्या, किराण्याची, छापील बाजू वर ठेवून घडी घाला आणि फळीवर रेषेच्या दिशेने दाब देऊन घासा. कागद दाणे कापण्याएवढा खरखरीत असतो, फिनिशला ओरखडे पाडण्याएवढा नाही. इथे सुतारकाम शिकवणारे जुने लोक हीच युक्ती सांगतात.

---

निळा_रंधा

आधी खाकी कागद. त्याने भागलं नाही तर १५०० आणि मग २००० चा वॉटर पेपर, पाण्यात साबणाचा थेंब टाकून, ठोकळ्यावर गुंडाळून. मग गाडीचं रबिंग कंपाउंड, सिलिकॉन नसलेलं. हे फक्त ग्लॉसीला. मॅटवर कंपाउंड मारलं की तिथे चमक येते आणि ती जात नाही.

---

गोदाकाठ

खाकी कागदाने काम झालं! वाण्याच्या पिशवीचा असा उपयोग माहीत नव्हता. दिवाळीच्या आत टांगतो. उरलेला हार्डनर किती टिकेल? निम्म्याहून जास्त शिल्लक आहे, आणि चिकूमामांना कपाटासाठी हवाय.

---

मोजपट्टी

उघडलेल्या डब्यात शिरलेल्या हवेतली ओल हार्डनरला लागतेच. डब्याची कड पुसून झाकण ठोकून बसवा, जमल्यास छोट्या, गळ्यापर्यंत भरणाऱ्या कोरड्या डब्यात ओता म्हणजे हवा कमी राहील. वापरण्याआधी बघा: गढूळ झाला, साय धरली किंवा दाट झाला तर टाकून द्यायचा. डबा फुगलेला दिसला तर आत कार्बन डायऑक्साइड साठलाय, तोंडाजवळ धरून झाकण उघडू नका. आणि कालवलेला बेस-हार्डनर तर कधीच झाकण लावून ठेवायचा नाही.

चिकूमामा, तुम्ही नवीनच घ्या. शिसवीच्या कपाटावर उरलेल्या हार्डनरचा प्रयोग करू नका.

---

चिकूमामा

घेतला. पाऊस थांबला की नवीन धागा काढतो.